बिननावाची बोली आणि आमचे मामा

माणसांच्या बोलण्यावर इतका जीव टाकणारा आणि माणसं काय सांगताहेत याकडे इतकं कमी लक्ष देणारा माणूस आमच्या मामांखेरीज मी दुसरा पाहिला नाही. मामा म्हणजे ह्यांचे सख्खे मामा, माझे मामेसासरे. लग्न होऊन मी साताऱ्याहून बंगळूरला आले तेव्हा बसवनगुडीतल्या आमच्या भाड्याच्या घरात पुढची खोली त्यांची होती, मागच्या खोल्या आमच्या, आणि मधला सोपा ज्याचा आवाज मोठा त्याचा. म्हणजे मामांचाच. घरात पाऊल टाकल्यावर मी त्यांच्या पाया पडायला वाकले आणि रीतीप्रमाणे ‘नमस्कार करते’ म्हणाले. आशीर्वाद काही येईना. मान वर करून पाहते तर मामा कान पुढे करून उभे. “परत म्हण बघू,” ते म्हणाले, “तुमच्या साताऱ्याकडं हा ‘ते’ असा लांबवतात होय?” मी वाकलेलीच. “मामा, आधी आशीर्वाद द्या, तिची कंबर धरेल,” असं ह्यांनी म्हटल्यावर त्यांनी घाईघाईने “अखंड सौभाग्यवती हो की” म्हणून टाकलं. त्या बेळगावी ‘की’मुळे हा आशीर्वाद होता की नुसती सूचना, हे मला पुढे कितीतरी दिवस कळलं नव्हतं.

मामा बेळगावजवळच्या एका खेड्यातले. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी अशा घरी वाढलेले, त्यामुळे दोन भाषा त्यांना न मागता मिळालेल्या. पुढच्या सगळ्या त्यांनी रस्त्यात उभ्या उभ्या गोळा केल्या. रेडिओचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते आवाज तपासण्याच्या खात्यात होते, आणि हे तिथेच यंत्रांचे नकाशे काढत. दिवसभर खरखर ऐकून आलेल्या माणसाला संध्याकाळी जरा शांतता हवी वाटेल, तर मामा चहा पिऊन माणसं ऐकायला बाहेर पडत. जटकेवाला घोड्याला हाका मारताना काय म्हणतो, फुलवालीची सासू तिला कुठल्या शब्दाने शिव्या देते, देवळाच्या पायरीवरचा भिकारी कुठून आला असावा, असल्या गोष्टींत त्यांची संध्याकाळ जाई. तमिळ, तेलुगू, दखनी, कोकणी, तुळू, सगळं ते बोलत, आणि सगळं बेळगावच्या सुरात. त्यांचं लग्न झालं नाही त्याचंही कारण हेच. मुलगी पाहायला गेले होते म्हणे मालवणकडे, आणि मुलीच्या आजीचं बोलणं ऐकण्यात इतके रंगले, की मुलगी पोहे ठेवून आत निघून गेली तरी मामांना पत्ता नाही. पसंती विचारली तेव्हा “आजी फार छान बोलतात” असं कळवून आले.

या स्वभावाचा ताप घरच्यांना होई. आमचा गवळी एके दिवशी सकाळी दारात उभा राहून डोळे पुसत सांगू लागला की त्याची दुभती गाय रात्री गेली. मी पदर तोंडाशी धरला. मामा दात घासत होते ते तसेच बाहेर आले. “काय म्हणालास? परत म्हण,” ते म्हणाले. गवळी बिचारा परत म्हणाला. जनावराच्या मरणाला त्याच्या गावात निराळा शब्द होता, माणसाच्या मरणाला निराळा, आणि तो मामांनी आजवर ऐकलेला नव्हता. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी गवळ्याच्या पाठीवर थाप मारली. “वा! आणि बैल मेला तर?” त्यांनी विचारलं. गवळ्याने दुधाचं मापटं उचललं आणि तो चालता झाला. शेवटी मी नारळ घेऊन त्याच्या घरी जाऊन आले तेव्हा कुठे आमच्याकडे दूध सुरू झालं. मामांना मी हे सांगितलं तर ते खरंच ओशाळले. पण लगेच म्हणाले, “त्याच्या बायकोनं काय शब्द वापरला गं, सुमे?”

गौरी जवळ आल्या होत्या आणि मला एक चांगलं सूप हवं होतं, म्हणून एका रविवारी आम्ही दोघं शिवाजीनगरच्या बाजारात गेलो. मी भाजी घेत होते तेवढ्यात मामांनी कुलपं विकणाऱ्या एका तरण्या पोराला गाठलं आणि तोंडभर हसून विचारलं, “काय रे, तुझ्या बायकोच्या बहिणीला तू काय म्हणून हाक मारतोस?” त्या पोराचं लग्न नुकतंच झालेलं असावं. तो कानापर्यंत लाल झाला आणि त्याने मामांची कॉलर धरली. गर्दी जमली. “कोणाच्या मेहुणीबद्दल विचारतो?” “म्हातारा दिसतोय चांगला!” मी पिशव्या टाकून पुढे धावले. पण मामांची कॉलर धरलेली असतानाही चौकशी चालूच होती. “तसं नव्हे रे, तुझ्या घरच्या भाषेत काय म्हणतात? हा तमिळवाला काय म्हणतो, तो पठाण काय म्हणतो, एवढंच!” मग एकाने सांगितलं, दुसऱ्याने ते चूक ठरवलं, तिसरा म्हणाला आमच्यात थोरल्या बहिणीला एक आणि धाकटीला दुसरं. मारायला आलेली माणसं अर्धा बाजार अडवून मेहुणीला काय म्हणावं यावर वाद घालत उभी राहिली आणि कुलुपवाल्याने सगळ्यांना चहा सांगितला.

या गोंधळात शेजारी बांबूच्या बुट्ट्या आणि सुपं मांडून बसलेली एक म्हातारी आपल्या सुनेकडे वळून काहीतरी पुटपुटली. मामा थबकले. चहाचा पेला त्यांनी माझ्या हातात दिला. “बाई, आत्ता काय म्हणालात? परत म्हणा,” ते कानडीत म्हणाले. म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मी सुनेला म्हटलं, या सामींना घरी न्यायला कोणी आलंय का बघ.” “ते कळलं. ते कुठल्या बोलीत म्हणालात?” “आमच्या.” “तिचं नाव काय?” “नाव कशाला पाहिजे? आम्ही ती बोलतो. तिला हाक मारत नाही.” मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू गौरी आमच्या घरी त्याच दिवशी आल्या. ही मुनियम्मा. आणि तिची सून रत्नम्मा, जी तोंडावर हात ठेवून इतकी हसत होती की सुपाची किंमत सांगायची विसरली.

मुनियम्माची माणसं यशवंतपूरला रेल्वेच्या मालधक्क्यापलीकडे वस्ती करून होती. बांबूच्या कामट्या काढायच्या, बुट्ट्या, सुपं, रोवळ्या विणायच्या आणि बाजारात न्यायच्या. एवढ्याच माणसांची ती बोली. आसपासच्या गावांत त्यांचे सोयरे होते, ते थोडे बोलत, पण इतर जग तिला निरनिराळ्या टोपणनावांनी ओळखे आणि त्यातलं एकही चांगलं नव्हतं. मामा दर रविवारी तिकडे जाऊ लागले. कारखान्यातल्या कोणा साहेबाने जुना झाला म्हणून काढून टाकलेला टेपरेकॉर्डर त्यांनी विकत आणला होता. हे यंत्र माझ्या शिवणाच्या मशीनपेक्षा जड होतं आणि तापलं की त्याला कांद्यासारखा वास येई. जटक्यात घालून मामांनी ते यशवंतपूरला नेलं, घोड्याने वाटेत दोनदा बसकण मारली, आणि वस्तीत पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तिथे वीज नाही. साऱ्या वस्तीने त्या पेटीभोवती फिरून ती पाहिली. मुनियम्मा म्हणाली, “एवढं ओझं आणलंत, तर निदान बसायला तरी होतंय का?” आणि त्यावर बसून तिने सुपारी कातरली.

म्हणून मग बोलीलाच आमच्या घरी यावं लागलं. एका रविवारी मुनियम्मा, रत्नम्मा आणि रत्नम्माची मुलगी चिन्नी, अशा तिघी बसमधून बसवनगुडीला आल्या. शेजारच्या अक्का कुंपणावरून विचारून गेल्या, “सुमती, बुट्ट्या घेतेस की काय इतक्या?” मी सगळ्यांना सोप्यात बसवलं, कॉफी दिली. मामांनी मशीन सुरू केलं, ध्वनिग्राहक मुनियम्मापुढे धरला, आणि मुनियम्मा जी बोलायची थांबली ती थांबलीच. बाजारात साऱ्या शिवाजीनगरला पुरून उरणारी बाई लग्नातल्या नवरीसारखी खाली बघून बसली. बोलली ती चिन्नी. सहासात वर्षांची, डोळ्यांत पाणीदार खोडी असलेली ती पोर आमच्या घड्याळाकडे, पंख्याकडे, माझ्या बांगड्यांकडे बोट दाखवत आजीला काय काय सांगत सुटली. मध्येच उठून तिने कमरेवर हात ठेवले, भुवया चढवल्या, कोणाची तरी नक्कल करत जाड आवाजात कानडीत ओरडली, आणि पुन्हा आपल्या बोलीत शिरली. सगळ्या हसल्या. मामा तर हरखून गेले होते. “थांब थांब! तो मघाचा शब्द, भुवया चढवण्याच्या आधीचा, तो काय?”

मुनियम्माने मान वर केली. “सामी,” ती म्हणाली, “तुम्ही शब्द विचारलात. ती काय सांगत होती ते विचारलंत का?”

मामांनी ध्वनिग्राहक खाली घेतला.

“शाळेतलं सांगत होती. मास्तर कसे येतात, कसे ओरडतात, कोणाला बाकावर उभं करतात. सगळं घरी येऊन सांगते. तिथं एक अक्षर काढत नाही. मास्तर विचारतात ते कानडी हिला अजून कळत नाही. एकदा हिनं आमच्या बोलीत उत्तर दिलं, तर पोरं हसली आणि मास्तर म्हणाले, हा चिमण्यांचा कलकलाट इथं नको. त्या दिवसापासून हिनं तोंड मिटलं. आता शाळेत लिहून ठेवलंय, मुलगी मुकी आहे. वर्ष संपलं की नाव काढणार. हिच्या आधी वस्तीतल्या किती पोरांची काढली, मी तुम्हाला नावं सांगेन.”

“मुकी?” मी म्हणाले. चिन्नी तोपर्यंत माझ्या बांगड्या आपल्या हातात घालून स्वतःशीच बडबडत होती.

“तुम्हाला आमचं बोलणं पाहिजे ना? घ्या. मी कुठं जातेय? बसून हवं तेवढं बोलेन. पण आधी हिचं बघा.”

मामांनी हात पुढे केला आणि मशीन बंद केलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी कशाला कुठे काय म्हणतात ते एकदाही विचारलं नाही. ह्यांना वाटलं, मामांना ताप आला.

दुसऱ्याच दिवशी मामा रजा टाकून शिक्षणखात्यात गेले. तिथले साहेब अतिशय सभ्य होते. नियमांचं पुस्तक ते पोथीसारखं कापडात गुंडाळून ठेवत आणि उघडण्यापूर्वी हात पुसत. मामांना त्यांनी खुर्ची दिली, कॉफी दिली. लहान मुलांना पहिली काही वर्षं मातृभाषेतून शिकवावं हे सरकारचं धोरणच आहे, असं त्यांनी आनंदाने सांगितलं. मामांचा चेहरा फुलला. मग साहेबांनी लेखणी उचलली. “भाषेचं नाव?”

“नाव नाही.”

“नाव नाही तर रकान्यात काय लिहू?”

“‘आमचं बोलणं’ म्हणतात ते.”

“मी ‘आमचं बोलणं’ असं लिहिलं, तर ते माझं होईल. लिपी कोणती?”

“लिपी नाही.”

“पाठ्यपुस्तकं? शिक्षक? प्रशिक्षित शिक्षक?”

मामांनी नकारार्थी मान हलवत कॉफी संपवली. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. “मिस्टर, मला वाईट वाटतं. पण यादीत ही भाषा नाही, आणि यादीत नसलेल्या भाषेचा वर्ग मला उघडता येत नाही. स्वल्प समजून घ्या.”

मामा पुन्हा गेले. पुन्हा गेले. प्रत्येक वेळी तेच बोलणं, आणि प्रत्येक वेळी बाहेर पडताना दारावरच्या शिपायाशी गप्पा. तो निघाला कोडगू म्हणजे कूर्गकडचा, त्यामुळे काम होवो न होवो, तिकडचे दोनचार नवे शब्द घेतल्याशिवाय मामा घरी कधी आले नाहीत. एकदा मी वैतागून म्हटलं, “मामा, साहेबांपुढे तुम्ही काय बोलता ते मला माहीत आहे. बोलीच्या व्याकरणाचा थाट सांगत असणार. त्यांना व्याकरण कशाला? त्यांना ती पोर ऐकवा.” “सुमे,” ते म्हणाले, “हे तू आधी का नाही सांगितलंस की!” आणि लगेच खोलीत जाऊन रीळ शोधू लागले.

त्या दिवशी यंत्र उचलायला हेही बरोबर गेले होते, त्यामुळे कचेरीत घडलं ते मला जेवणाच्या पाटावर दोघांच्या तोंडून, एकमेकांना दुरुस्त करत करत, ऐकायला मिळालं. यंत्र साहेबांच्या टेबलावर चढलं, दिवे मिणमिणले आणि चिन्नीची बडबड सुरू झाली. साहेब आधी सभ्यपणे ऐकत होते. मग मास्तरांची नक्कल आली आणि ते फिसकन हसले, कारण असले मास्तर त्यांनी तपासणीला जाऊन जाऊन पुष्कळ पाहिले होते. बडबड चालू राहिली. मागून आमच्या फोडणीचा तडतडाट आणि ‘दूध बघा गं कोणीतरी’ हा माझा आवाजही साहेबांनी ऐकला, याची मला लाज वाटली ती आजतागायत. “गोड मुलगी आहे,” साहेब म्हणाले. “कोण ही?” मामांनी शाळेचं नाव सांगितलं, मुलीचं नाव सांगितलं. साहेबांनी घंटी वाजवून त्या शाळेच्या तपासणीचे कागद मागवले. पान उघडलं. मग तेच पान त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. यंत्रातली चिन्नी मात्र बोलतच होती.

“हिला मुकी म्हणून नोंदवलंय,” साहेब अखेर म्हणाले. “आणि खाली माझी सही आहे.”

साहेबांनी हात पुसले, नियमांच्या पुस्तकाचं कापड सोडलं आणि ते वाचू लागले. कॉफी आली आणि निवून गेली. हे म्हणतात, मामा एवढा वेळ सलग गप्प बसल्याचं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. शेवटी साहेबांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

“हस्तकलेचा तास. प्राथमिक शाळेत स्थानिक हस्तकला शिकवावी. शिकवायला स्थानिक कारागीर नेमता येतो. प्रमाणपत्राची अट नाही. बुट्ट्या विणणं ही स्थानिक हस्तकला आहे, नाही का?”

“आहे की!”

“आणि ती कोणत्या भाषेत शिकवावी याबद्दल नियम…” साहेबांनी पान उलटलं, परत मागे आले. “नियम गप्प आहे.”

“म्हणजे कोणत्याही भाषेत शिकवता येते?”

“मी तसं म्हटलेलं नाही. मी म्हटलं, नियम गप्प आहे.” साहेबांनी पुस्तक पुन्हा कापडात गुंडाळलं. “आणि मिस्टर, मुलं विणता विणता भिंतीवरचे तक्ते वाचत असतील, तर त्याबद्दलही तो काही बोलत नाही.”

अशी रत्नम्मा सरकारी शाळेत हस्तकलेची शिक्षिका झाली. आमच्या घरात मग तक्त्यांचा कारखाना सुरू झाला. बोलीतले शब्द कानडी अक्षरांत लिहायचे, म्हणजे मुलांना ओळखीच्या शब्दांतून शाळेची अक्षरं कळतील, ही कल्पना मामांची. शब्द मात्र मामांच्या एकट्याच्या हातात राहिले नाहीत. त्यांनी लिहिलेला प्रत्येक शब्द वस्तीतल्या बायकांपुढे वाचला जाई आणि त्या तो पास करत किंवा नापास. सुपाच्या शब्दावरून दोन घरांत असं भांडण जुंपलं की आठवडाभर त्यांच्या चुली एकमेकींकडे पाठ करून होत्या. मामांना दोन्ही शब्द हवे होते. मुनियम्माने निकाल दिला, “दोन्ही लिहा. पोरांची लग्नं काय एकाच घरात होणार आहेत?” चित्रं ह्यांच्याकडे आली. ह्यांनी जन्मभर यंत्रांचे नकाशे काढलेले, त्यामुळे कोंबडी काढायला सांगितली तर ह्यांनी ती समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन अंगांनी, पट्टी लावून काढली. मुनियम्माने वरून काढलेली कोंबडी बराच वेळ निरखली. “ही गाडीखाली आली काय?” तिने विचारलं. तरीही तोच तक्ता वर्गात लागला, आणि पोरांना सगळ्यांत जास्त तोच आवडे.

चिन्नी पहिल्या दिवशी गप्पच बसली होती. रत्नम्माने आपल्या बोलीत कामट्या मोजायला सांगितल्या तेव्हा तिने आधी दाराकडे पाहिलं, मास्तर आहेत का म्हणून. मास्तर होते. दारातच उभे होते. रत्नम्मा घाबरली, पण थांबली नाही. तिने पुन्हा विचारलं, आणि चिन्नीने मोजलं, पहिल्यांदा पुटपुटत, मग मोठ्याने. मग आईच्या मोजण्यातली चूक काढली. मास्तर निघून गेले. पुढे ही पोर आधी बोलीत आणि मग हळूहळू कानडीतही इतकी बोलू लागली की मास्तरांनीच साहेबांना सांगितलं, “सर, ती मुकी होती तेच बरं होतं.” साहेबांनी ही तक्रार मामांना मुद्दाम घरी येऊन सांगितली. ते दोघे पुढे चांगले मित्र झाले. एकाला नियमांचं वेड आणि दुसऱ्याला शब्दांचं, त्यामुळे दोघांच्या गप्पांत तिसऱ्याला काही करमत नसे.

मुनियम्माने आपला शब्द पाळला. कितीतरी रविवार ती आमच्या सोप्यात बसून बोलली. गोष्टी, गाणी, सोयरिकींची भांडणं, बांबू कुठल्या महिन्यात तोडावा, पोराचं पोट दुखलं तर काय करावं, सगळं. आपल्या मराठीत जसं ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं, तसं तिच्या बोलीतही होतं. कानडीत हा भेद नाही. मामांशी आपल्या बोलीत बोलताना ती इतके दिवस ‘आमची पोरं’, ‘आमचा वर्ग’ असंच म्हणायची. एक दिवस जाता जाता ती ‘आपला वर्ग’ म्हणाली. मामांनी मला ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगितलं, आणि हात धुताना पुन्हा सांगितलं, आणि त्या दिवशी पापड हातात धरून तो मोडायचा विसरले.

मग मामा निवृत्त होऊन बेळगावला बहिणीकडे राहायला गेले. फिती त्यांनी एका संशोधनसंस्थेला देऊन टाकल्या. सोपा मोकळा झाला. मी आणि हे एकमेकांशी मोठ्याने बोलायला बघत होतो, पण आम्हाला ती सवय नव्हती. साहेबांची बदली झाली, तरी हस्तकलेचा तास चालू राहिला. कोणी तो बंद करायचा म्हटलं की नवे साहेब पुस्तक उघडत आणि बंद करण्याबद्दलही नियम गप्पच असे. एका हिवाळ्यात मुनियम्मा गेली. मी मामांना कळवलं. पुढच्या वर्षी ते आले ते फारच थकलेले दिसत होते, पण म्हणाले, “चल सुमे, शाळेत जाऊन येऊ.”

आम्ही गेलो तेव्हा मधली सुट्टी झालेली होती. मैदानातल्या झाडाखाली आम्हाला खुर्च्या दिल्या. रत्नम्मा आली. केस पिकायला लागले होते, चालण्यात बाईंचा रुबाब आला होता. चिन्नी आता मोठ्या शाळेत जाते असं तिने सांगितलं. पोरं भोवती गोळा झाली. नवी, लहान लहान, मामांना न ओळखणारी. एका चिमुरड्या मुलीने मामांना बोलीत काहीतरी विचारलं. कुठून आलात, असं असावं. मामांनी तिला बोलीतच उत्तर दिलं, ऐसपैस, हातवारे करत, मध्येच गालावर बोट टेकून.

पोरं खो खो हसायला लागली. एकजण दुसऱ्याच्या अंगावर पडून हसत होता. मला वाटलं, मामांचं काही चुकलं. “काय झालं?” मी रत्नम्माला विचारलं. रत्नम्मा हसत नव्हती. तिने पदर तोंडाशी धरला होता.

“ती म्हणतात, हे आजोबा म्हातारीसारखं बोलतात,” ती मला कानडीत म्हणाली. “खरंच आहे, अक्का. कोणी पुरुष असं बोलत नाही. तो गालावरचा हात, तो ‘गं’, सगळं… आमच्या अत्तेचं, सासूबाईंचं आहे.”

मामांनी हे ऐकलं. ते ती बोली मुनियम्माखेरीज दुसऱ्या कोणाकडून शिकलेच नव्हते. ते पोरांकडे बघत होते, आणि पोरं, त्यांतली काही मुनियम्माची पणतवंडं असतील, त्यांच्याकडे बघत होती.

रत्नम्माने त्यांच्यापुढे एक स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. “सामी,” ती म्हणाली, “अजून बोला की.”

मामांना आयुष्यात असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग घसा खाकरून त्यांनी मुनियम्माची एक गोष्ट सुरू केली, आणि हसणारी पोरं एकेक करून खाली बसली.